साळुंकीची टेप

३ फेब्रुवारी

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

आधी कुशल विचारायचं आणि मग मुद्द्याकडे यायचं अशी पद्धत आहे, पण आज माझ्यात तेवढा धीर नाही. तुम्ही दोघं ठीक आहात असं धरून चालते आणि थेट गाऱ्हाण्याला हात घालते.

तुमच्या भावाने माझं शिवणाचं मशीन पॅसेजमध्ये काढून ठेवलं आहे. मागच्या खोलीत आता पाय ठेवायला जागा नाही. आधी कपाट गेलं, मग पलंगाखालची जागा गेली, मग पलंगच गेला. आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेपा आहेत आणि सगळ्या एकाच बँडच्या. वेगवेगळी गाणी असती तर एक वेळ मी समजून घेतलं असतं. गाणी मोजून नऊ. तीच नऊ गाणी ते लोक तीस वर्षांपूर्वी गावोगाव वाजवत हिंडले, आणि दर ठिकाणी कोणी ना कोणी कोपऱ्यात बसून ती टेप करून घेतली. मी एकदा विचारलं की या दोन टेपांमध्ये फरक काय. तर मला खुर्चीत बसवून वीस मिनिटं ऐकवलं आणि म्हणाले, इथे गिटारची तार तुटते, ऐकलीस का. मी हो म्हटलं. तेव्हा माझंही काहीतरी तुटलं, ते मात्र यांना ऐकू आलं नाही.

टेपांना दमट हवा सोसत नाही म्हणून घरात कपडे वाळत घालायला बंदी आहे. ऐकताना व्यत्यय नको म्हणून फोनची वायर काढलेली असते. वजनकाटे दुरुस्तीला टाकलेले दुकानदार दारात येऊन उभे राहतात आणि मी त्यांना सांगते की साहेब कामात आहेत. साहेब आत हेडफोन लावून, डोळे मिटून, मान हलवत बसलेले असतात. आणि आता गेल्या आठवड्यापासून कुठल्याशा वायरमनच्या बायकोकडून एक जुनं रीळ आणलं आहे. त्याला हात लावायला सुती हातमोजे घेतले आहेत. लग्नाला सतरा वर्षं झाली, मी दिलेल्या चहाच्या कपालाही कधी इतका हळुवार हात लागला नाही.

या माणसाला जगात फक्त तुमचा धाक आहे. तेव्हा चार ओळी खरमरीत लिहा. मशीन खोलीत परत येईल एवढं झालं तरी पुरे.

बाकी क्षेम. तुमची माया आमच्यावर आहेच, त्यातली थोडी आटवून तिचा राग करावा आणि भावाकडे पाठवावा.

आपली,
पॅसेजमध्ये बसून लिहिणारी भावजय


९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. रागावलेल्या माणसाचेही आशीर्वाद लागतात म्हणतात, म्हणून देते.

तुझ्या बायकोचं पत्र आलं. ती बिचारी तक्रार करणाऱ्यांतली नाही, त्यामुळे तिने जे लिहिलं त्याच्या दुप्पट खरं असणार हे मी धरून चालले आहे. बेचाळिसाव्या वर्षी माणसाने एक खोली अडवून बायकोला पॅसेजमध्ये बसवावं, हे कुठल्या शहाणपणात बसतं ते मला एकदा समजावून सांग. लहानपणी तू काडेपेट्यांची चित्रं जमवलीस, मग सायकलच्या घंट्यांच्या वाट्या, मग मोडलेल्या कुलपांच्या किल्ल्या. आई म्हणायची, वय वाढलं की सुटेल. वय वाढलं, खोकी वाढली.

इथे आमच्या चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोक येतात आणि समोरच्या पाटीवरचं मोठं अक्षरसुद्धा दिसत नाही म्हणतात. त्यांना मी काच बदलून देते. तुला घरातली बायको दिसत नाही, त्याला कुठल्या नंबरची काच लावू? तुझे भावोजी म्हणतात की नाद कुठलाही असो, माणूस घरात तर असतो. त्यांना काय जातंय म्हणायला. त्यांच्या घरात कोणी त्या जटाधारी लोकांचा गोंगाट लावत नाही, कारण मी लावू देत नाही. भिंतीवर रंगीत तेलाचे डाग नाचवायचे आणि अर्धा अर्धा तास एकच गाणं ताणायचं, याला म्हणे सायकेडेलिक म्हणतात. मला विचारशील तर यांना सुरू करता येत होतं आणि थांबवता येत नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

तुला ठाऊक आहे की त्या बँडचं नाव काढलेलं मला चालत नाही. का ते विचारू नकोस. काही माणसांना मांजर आवडत नाही, तसं समज. पण तू मात्र गेली पंचवीस वर्षं दर भेटीत तोच विषय काढतोस. अमक्या गावची टेप मिळाली, तमक्या गावची अर्धीच मिळाली. पालथ्या घड्यावर पाणी हे माहीत असूनही लिहिते आहे, कारण मी लिहिलं नाही तर तुझ्या बायकोला वाटेल की मी भावाच्या बाजूची आहे.

येत्या रविवारी मशीन खोलीत गेलं पाहिजे. गेल्याचं पत्र पाठव. आणि वेळेवर जेवत जा, मागच्या वेळी आलास तेव्हा गळ्याची हाडं दिसत होती.

इथे सर्व ठीक. आम्हां दोघांचा लोभ तुझ्यावर आहे, त्याची परीक्षा वारंवार पाहू नये.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी चुकीचाच निघालो. मशीनचं बघतो. पण ताई, एकदा, फक्त एकदा, मी काय करतो ते नीट ऐकून घे. नंतर हवं तेवढं बोल.

या बँडचं पुढे मोठं नाव झालं, रेकॉर्डी निघाल्या. पण पहिल्या वर्षात, रेकॉर्ड वगैरे काही नसताना, ते छोट्या छोट्या हॉलमध्ये वाजवत होते, आणि त्या वर्षातलं त्यांचं वाजवणं पुढे कधी झालंच नाही. त्या वर्षाच्या टेपा जगात जेमतेम पंधरा-सोळा. त्यातली सगळ्यात दुर्मिळ कुठली असेल? आपल्याच गावातली. तंत्रशाळेच्या मागचा हॉल आठवतो ना, तिथली. तेवीस माणसं आली होती. हॉलच्या वायरमनने बॅटरीवर चालणारं यंत्र पायरीवर ठेवून ती टेप केली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि त्या हॉलपासून चार गल्ल्या पलीकडे खिडकीत बसलो होतो, हे आठवलं की अजून जीव हळहळतो. दादाने मला न्यायचं कबूल केलं होतं, आणि नेमकी त्या दिवशी त्याची दाढ उपटायची निघाली. तुम्ही दोघं डॉक्टरकडे गेलात. नशीब, दुसरं काय.

आता त्या टेपची गंमत सांगतो, म्हणजे गंमत नाही, ताप आहे. टेपची नक्कल काढली की आवाज थोडा खराब होतो, नकलेची नक्कल काढली की आणखी. आम्ही त्याला पिढी म्हणतो. आजवर सगळ्यांकडे सहाव्या-सातव्या पिढीची नक्कल होती. त्यात तिसरं गाणं सुरू होताना ऑर्गनवर चार मिनिटं एकच सूर धरलेला असतो, अगदी हळू, आणि मग गिटार शिरतं. ती चार मिनिटं म्हणजे श्वास रोखून ऐकायची जागा. आणि तिथेच एक बाई बोलायला लागते. चार मिनिटं. थांबत नाही. टेप करताना बॅटऱ्या उतरून यंत्र हळू चाललं, त्यामुळे आता टेप जलद वाजते, आणि तिचा आवाज साळुंकीसारखा किचकिच येतो. शब्द कळत नाहीत, फक्त किचकिच. म्हणून जगभरचे संग्राहक तिला साळुंकीची टेप म्हणतात. आमच्या पत्रिकेत मी त्या बाईवर दोन पानांचा लेख लिहिला होता. लोकांनी पत्रं पाठवून अभिनंदन केलं. संगीत समोर चाललेलं असताना ज्या माणसाला बोलावंसं वाटतं त्याच्या घरात काय वातावरण असेल, असा त्यात एक परिच्छेद होता, तो विशेष गाजला.

आणि आता माझ्याकडे मूळ रीळ आहे. पहिली पिढी. ते आमच्या ध्वनिमास्तरांकडे नेलं. मास्तर म्हणजे आकाशवाणीतून निवृत्त झालेले, गावाबाहेर एकटे राहतात. घरात फोन नाही, कारण तो नको तेव्हा वाजतो म्हणतात. खोलीभर दोऱ्या बांधल्या आहेत आणि त्यांच्यावर कापलेल्या टेपच्या पट्ट्या कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवलेल्या आहेत, प्रत्येकीला चिठ्ठी. त्यांनी आधी टेपचा वेग सुधारला. तो कसा, तर हॉलमधल्या दिव्यांची बारीक घूंऽ टेपवर आली आहे. विजेची घूं केवढ्या उंचीची असते ते ठरलेलं असतं. ती जागेवर येईपर्यंत वेग कमी केला. आमच्या धंद्यात काट्याला प्रमाण वजन लागतं, मास्तरांनी त्या घूंला प्रमाण धरलं. मी तर थक्क झालो.

आता २४ तारखेला मी साळुंकीला कापणार आहे. रीळ ब्लेडने कापायचं, ती चार मिनिटं काढून टाकायची आणि तिथे दुसऱ्या गावच्या टेपमधला तोच ऑर्गनचा सूर जोडायचा. सूर तो सूर, कुणाला फरक कळणार नाही. नकलेवर करता आलं असतं, पण मग एक पिढी गेली. म्हणून मूळ रिळावरच. कापलेली पट्टी मी स्वतःच्या हाताने जाळणार आहे, तसं पत्रिकेत जाहीर केलं आहे. लोक फार खूश आहेत.

सोबत वेग सुधारलेली एक कॅसेट पाठवतो आहे, कापण्याच्या आधीची. तुला गोंगाट वाटतो तो एकदा शांतपणे ऐक. तिसऱ्या गाण्यातल्या बाईकडे लक्ष देऊ नकोस. मी स्वतः त्या चार मिनिटांत कान मिटूनच बसतो, इतकी वर्षं सवय झाली आहे.

भावोजींना नमस्कार. रागाच्या तळाशी लोभ असतो एवढ्या भरवशावर हे लांबलचक पत्र पुरं करतो.

तुझा,
धाकटा


२२ फेब्रुवारी
(मास्तरांच्या पत्त्यावर, तातडीच्या टपालाने)

चि. धाकट्यास,
आशीर्वाद नंतर. आधी हातातलं ब्लेड खाली ठेव.

तुझ्या घरी फोन केला. आज नेमकी वायर जागेवर होती, पण तू नव्हतास. तुझी बायको म्हणाली की तू दोन दिवस आधीच मास्तरांकडे गेलास, तयारी करायची म्हणून. मास्तरांकडे फोन नाही. मी चष्म्याचं दुकान सोडून येऊ शकत नाही, कारण भावोजी परगावी आहेत. तेव्हा हे पत्र. पोस्टातल्या माणसाला मी तीनदा विचारलं की २४ च्या आत पोचेल ना, तो म्हणाला सांगता येत नाही. सांगता येत नाही असं सांगायला त्याला पगार मिळतो.

कॅसेट काल दुकानात लावली. खरं सांगते, ऐकायला नव्हे, नावं ठेवायला लावली होती. एका आजोबांच्या डोळ्यांवर तपासणीची फ्रेम चढवली होती आणि ते पाटीवरची तिसरी ओळ वाचत होते. तेवढ्यात तुझा तो ऑर्गन सुरू झाला आणि त्यावर ती बाई बोलायला लागली. हळू बोलत होती, पण कळत होतं. म्हणत होती की सँडलचा पट्टा टाचेला लागतोय, कातडं निघणार. मग म्हणाली की यांचं यंत्र अडकलंय का, एकच सूर किती वेळ. मग कोणीतरी पुरुष हसला.

मी आजोबांना तसंच बसवून ठेवलं आणि टेप मागे घेतली. पुन्हा ऐकली. पुन्हा मागे घेतली. पांढरे सँडल, धाकट्या, डाव्या पायाचा पट्टा कडक होता, मी नवीनच घेतले होते. ती साळुंकी मी आहे. आणि जो हसला तो दादा.

सहाव्यांदा मागे घेतली तेव्हा आमच्या त्या जुनाट यंत्राने टेप खाल्ली. सगळी आत गुंडाळली. कात्रीने काढावी लागली, आता तिचे तुकडे माझ्या समोर बशीत पडले आहेत. हसल्यावर दादा पुढे काहीतरी बोलतो, ते ऐकायचंच राहिलं. आजोबा तिसरी ओळ वाचून चौथीवर गेले होते, त्यांना मी कुठला नंबर लिहून दिला ते देव जाणे.

आता जे एकतीस वर्षं सांगितलं नाही ते सांगते. दादाची दाढ उपटलीच नव्हती. त्याने कुठून तरी तीन पास मिळवले होते, तिसरा तुझा होता. घरून निघताना मीच म्हटलं की याला नको. हा मध्येच पाणी मागेल, झोप आली म्हणेल, याला घेऊन अर्ध्यात उठावं लागेल. मी एकोणीस वर्षांची होते, पहिल्यांदा अशा ठिकाणी जात होते, मला शेंबडा भाऊ बरोबर नको होता. दादा कुरकुरला, पण ऐकलं. मग दाढेची युक्ती काढली. परत आल्यावर त्याने गालात कापूस धरला. तू त्याच्यासाठी पाव दुधात भिजवून ठेवला होतास, ते आठवतं का? चावता येणार नाही म्हणून. त्याने तो गाल धरून खाल्ला आणि माझ्याकडे बघायचं टाळलं. म्हणाला, पुढच्या वेळी याला नेऊ, तोवर तू काही सांगू नकोस. पुढच्या वर्षी मोटारसायकलवरून पडला आणि पुढची वेळ आलीच नाही.

तो गेल्यावर तू दादाच्या खोलीतून त्या बँडची एक रेकॉर्ड उचललीस आणि तिथून हे सगळं सुरू झालं. आई म्हणायची काडेपेट्यांसारखं सुटेल. मला माहीत होतं की सुटणार नाही. तू दर वेळी नवी टेप दाखवायचास आणि मला तो खिडकीतला पोरगा दिसायचा. म्हणून मी चिडायचे. मांजरीचं वगैरे काही नव्हतं.

दादाचा आवाज आपल्यापाशी कुठेही नाही. फोटो आहेत तीन, त्यातल्या एकात तोंड फिरवलेलं. आवाज फक्त त्या पट्टीवर आहे, जी तू जाळणार आहेस आणि लोक फार खूश आहेत. जुन्या नकलांमध्ये तो ऐकू येत नसणार, नाहीतर तुमच्या त्या जगभरच्या शहाण्यांनी त्यालाही पक्ष्याचं नाव दिलं असतं.

क्षमा वगैरे मला आता नको, ती तू सवडीने कर किंवा करू नकोस. मला फक्त तो पुढे काय बोलतो ते ऐकायचं आहे. माझ्यावर राग निघाला असेल तर कार्यक्रमातली बाकीची दोन तासांची टेप जाळ, माझी हरकत नाही.

घाईत आहे. तुझ्यावर लोभ आहे हे वेगळं लिहायला आज वेळ नाही, पण आहे.

तुझी,
ताई, म्हणजे ती बाई


२७ फेब्रुवारी

ती. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

हे काल घरी आले. काय झालं ते सांगत नाहीत. तुम्ही फोनवर इतक्या घाबऱ्या होतात म्हणून आल्या आल्या विचारलं की ताईंचं पत्र मिळालं का, तर मिळालं म्हणाले, पंचवीसला दुपारी. म्हणजे ठरलेल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी. पुढे काही विचारायच्या आत खोलीत जाऊन दार लावलं. आतून एका सुराचाही आवाज नाही. सतरा वर्षं मी जी शांतता मागत होते ती काल मिळाली आणि मला ती अजिबात सोसली नाही.

शर्ट धुवायला घेतला तेव्हा खिशात काडेपेटी सापडली. हे विडी-सिगारेट ओढत नाहीत हे तुम्हांला माहीत आहे. पेटीत चार काड्या कमी होत्या. तुम्ही फोनवर नीट काही सांगितलं नाहीत, त्यामुळे याचा अर्थ मला लागत नाही. तुम्हांला लागत असेल म्हणून लिहिते.

दाराबाहेर जेवणाचं ताट ठेवलं होतं, ते रिकामं आलं. एवढी एकच गोष्ट बरी. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका, आणि आमच्यावर माया असू द्या, या घटकेला तिची गरज आहे.

आपली,
भावजय


१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडलं तेव्हा साळुंकी कापून झाली होती. चोवीसला सकाळी साडेदहाला. मीच दोन्ही खुणा केल्या, मास्तरांनी ब्लेड चालवलं, साडेसदतीस फुटांची पट्टी निघाली. मी ती घेऊन अंगणात गेलो, काडी ओढली. वारा होता, विझली. दुसरी विझली, तिसरीही विझली. चौथी लागली तोवर मास्तर आतून आले आणि त्यांनी फुंकर मारून ती विझवली. म्हणाले की या घरात एक रीत आहे, कापलेलं काहीही एक रात्र दोरीवर राहिल्याशिवाय टाकायचं नाही. कापताना सगळेच शहाणे असतात, अक्कल सकाळी येते. मी खूप वाद घातला. मी पत्रिकेत जाहीर केलंय म्हटलं. ते म्हणाले, पत्रिकेला काय कळतंय. पट्टी त्यांनी एका चिमुकल्या रिळावर गुंडाळली, वर चिठ्ठी लावली, बडबड, चार मिनिटं, आणि दोरीला अडकवली. मी इतका वैतागलो होतो की त्यांच्याशी बोललोच नाही. सकाळी चहा घेतला तोही भिंतीकडे तोंड करून.

दुपारी पोस्टमन आला.

पट्टी यंत्रावर मास्तरांनीच चढवली आणि ते बाहेर जाऊन बसले. ताई, मी या विषयातला जाणकार समजला जातो. गिटारची कुठली तार कुठल्या तारखेला तुटली ते मी सांगू शकतो. आणि माझ्या सख्ख्या बहिणीचा आवाज मला वर्षानुवर्षं ओळखू आला नाही, कारण मी तो ऐकतच नव्हतो, त्याच्यावर लेख लिहीत होतो. गाजलेला परिच्छेद तुझ्या लक्षात असेलच. तशा माणसाच्या घरात काय वातावरण असेल ते मला चांगलंच माहीत होतं की.

तर तो पुढे काय बोलतो. क्रमाने लिहितो, जशी नोंद करतात तशी. आधी सँडल. मग यंत्र अडकल्याची शंका. दादा हसतो. मग तू म्हणतेस की गाणाऱ्याने केस विंचरले असते तर काय बिघडलं असतं. मग थोडा वेळ फक्त ऑर्गन. मग तू म्हणतेस की धाकटा खिडकीत बसला असेल, आपण त्याला आणायला हवं होतं रे, निघताना तो रडलासुद्धा नाही. हे तू म्हणतेस, ताई. स्पष्ट आहे. आणि दादा म्हणतो, त्याला? तो एक मिनिट गप्प बसला नसता. सगळ्या कार्यक्रमभर बडबडला असता आणि लोकांनी आपल्याला बाहेर काढलं असतं.

इथे पुढच्या रांगेतला कोणीतरी तुम्हांला शूऽ करतो. मग गिटार शिरतं.

मी हे अकरा वेळा ऐकलं आहे. पहिल्या दोन वेळा रडलो, तिसऱ्या वेळी हसू आलं, आणि नंतर इतकी वैतागाची लहर आली की सांगता सोय नाही. अख्ख्या जगातल्या सगळ्यात दुर्मिळ टेपवरची सगळ्यात शांत जागा तुम्ही दोघांनी बडबडून घालवली, आणि काय बडबडत होतात, तर मी बडबडेन म्हणून मला आणलं नाही. दादाचा आवाज थेट माझ्यासारखा आहे. मला वाटायचं माझा आवाज कोणासारखाच नाही.

तू लिहिलंस की निघताना तूच नको म्हणालीस. म्हणाली असशील. पण ते टेपवर नाही, आणि जे टेपवर नाही त्याची नोंद मी करत नाही. टेपवर तू आणायला हवं होतं असं म्हणतेस. माझ्या लेखी तेवढंच खरं, आणि पहिल्या पिढीचं आहे. सँडल माफ, साळुंकी माफ. दाढ मात्र माफ नाही. दोन दिवस मी माझ्या वाटणीचं दूध त्या पावावर ओतत होतो, आणि तो गाल धरून कण्हत होता. मेलेल्या माणसावर रागावता येत नाही म्हणतात, मला छान येतंय.

पट्टी परत मूळ जागी जोडली आहे. दोन ठिकाणी बारीक टक् असा आवाज येतो, तो आता कायमचा राहणार. पत्रिकेला चार ओळी पाठवल्या आहेत की साळुंकी जाळली नाही, आवाज ओळखले गेले आहेत, बाई संग्राहकाची थोरली बहीण, पुरुष थोरला भाऊ, आणि यापुढे कोणी ती जागा पुसून नक्कल काढली तर माझ्याशी गाठ आहे. संग्राहक खवळतील. खवळू देत.

मशीन खोलीत गेलं. ऐंशी-नव्वद टेपा मी एका शिकाऊ संग्राहकाला देऊन टाकल्या, त्याची बायको आता मला शिव्या देत असेल. तुझी भावजय मशीनवर बसली की खोलीत काही ऐकू येत नाही, पण तक्रार करायला मला तोंड नाही. तिला सगळं सांगितलं. काडेपेटीने ती फार घाबरली होती, त्याबद्दल दोन दिवस बोलणी खातो आहे.

भावोजी परत आले की तू ये. तुझ्या दुकानातल्या यंत्रावर माझा विश्वास नाही, म्हणून कॅसेट पाठवत नाही. इथे मूळ रिळावर ऐकवतो. मला न्यायचं राहिलं होतं, तुला आणायचं मी राहू देणार नाही. स्टेशनवर घ्यायला येईन. पायात सैल काहीतरी घाल.

एकच अट आहे आणि ती मोठ्या बहिणीलाही मोडता येणार नाही. ती चार मिनिटं तू गप्प बसायचंस. दादा बोलत असतो.

तुझा,
धाकटा